डबा आणि चौथा उमेदवार

डॉक्टरांचा एक स्टीलचा डबा माझ्याकडे राहिला आहे. चपटा, गोल, झाकणावर कुणाच्या तरी मुंजीची अक्षरं कोरलेली. त्यातली निम्मी घासून घासून गेलेली. इंग्लंडात लेस्टरमधलं त्यांचं घर मी सोडलं त्या दिवशी त्यांनी त्यात प्रवासासाठी दडपे पोहे भरून दिले आणि दारात उभं राहून बजावलं, "फिजिओ, डबा परत यायला हवा. आणि रिकामा नको." मी म्हटलं, "माहितीये हो! तीन वर्षं तेच ऐकतेय." पोहे तर गाडी सुटायच्या आत संपले. डबा द्यायचा मात्र राहून गेला, आणि आता तो घ्यायला डॉक्टर नाहीत.

ते माझे घरमालक. मी साताऱ्याहून फिजिओथेरपिस्ट म्हणून तिथल्या हॉस्पिटलात नोकरीला आलेली, आणि ते भूलतज्ज्ञ, त्याच हॉस्पिटलातून रिटायर झालेले. तिथल्या महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत ओळख झाली. त्यांच्याकडे वरची मागची खोली रिकामी होती, मी विचारलं. सरळ हो की नाही सांगावं ना? छे! आधी मुलाखत. स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी मला बसवलं, खिशातून पेन काढलं आणि ऑपरेशनच्या आधी पेशंटला विचारतात तसे प्रश्न सुरू केले. कशाची ॲलर्जी? आधी कुठे होतीस? तिथून निघताना काही त्रास झाला? रोज काय काय घेतेस? मी चाचरत म्हटलं, "काही नाही हो, डोकं दुखलं तर एखादी गोळी." तर म्हणाले, "अगं, चहा की कॉफी ते विचारतोय."

मी मूळची तापट. 'ठेवा तुमची खोली तुमच्याकडे' म्हणून उठणारच होते, पण तेवढ्यात समोर गरम थालीपीठ आलं. बसले ती तीन वर्षं बसले.

लग्न त्यांनी केलं नव्हतं. का, म्हणून विचारलं की "राहून गेलं" एवढंच म्हणायचे, बस चुकल्यासारखं. स्वयंपाक स्वतः करायचे आणि फोडणीचं तेल सिरिंजनं मोजून घ्यायचे. बिनसुईची, दहा एमएलची सिरिंज मीठ-मसाल्याच्या शेजारी उभी असायची. मी अंदाजानं हिंग टाकलेलं त्यांना बघवायचं नाही. "चिमूटभर म्हणजे कुणाची चिमूट? तुझी की पैलवानाची?" त्यांच्या निळ्या गाडीत रेडिओ-कॅसेटच्या जागी नुसतं चौकोनी भोक होतं. गाडी नवी घेतानाच त्यांनी तो प्लेअर काढायला लावला होता म्हणे. त्या भोकात बडीशेपेची डबी. मी एकदा म्हटलं, "अहो, लीड्सपर्यंत जायचं तर गाणी नकोत का?" तर म्हणाले, "गाडीत फक्त गाडी चालवायची." मी मनात म्हटलं, म्हातारा चक्रम आहे. होताच. पण त्या भोकाचं कारण मला ठाऊक नव्हतं.

आणि डबा! शेजारून काही आलं तर त्या भांड्यात काहीतरी घालूनच ते परत करायचं, हे आपल्याकडे सगळ्याच घरांत असतं. माझी आईसुद्धा साखरेची चिमूट का होईना, घालते. पण डॉक्टरांनी त्याचं अगदी शास्त्र केलं होतं. उजवीकडच्या गुजराती बेनला ते ठाऊकच होतं. तिच्या आणि डॉक्टरांच्या घरात डबे सतत ये-जा करत, आणि कुणी कुणाला आधी दिलं होतं हे देवालाही सांगता आलं नसतं. डावीकडे एक इंग्रज आजी राहायच्या. त्यांनी पहिल्यांदा डबा घासूनपुसून, चकचकीत करून, रिकामा आणून दिला. डॉक्टर तो हातात घेऊन दारात बराच वेळ उभे राहिले. त्यांचा चेहरा इतका पडला की त्या आजींना वाटलं, झाकण बदललं की काय. दोन दिवसांनी डॉक्टर स्वतः त्यांच्याकडे गेले आणि अर्धा तास बसून त्यांना हा रिवाज समजावून आले. पुढे सफरचंदाच्या गोड क्रंबलनं भरलेला डबा आपोआप यायला लागला.

मी हसले की म्हणायचे, "हस तू. रिकामी वस्तू हातात पडते तेव्हा काय वाटतं, तुला नाही कळायचं."

दोन हजार तीन-चारचा सुमार असेल. ब्रॉडबँड नुकतं घरोघरी येत होतं. डॉक्टरांनी ते घेतलं, डायनिंग रूममध्ये कॉम्प्युटर मांडला आणि त्याला ऑपरेशन थिएटरच्या हिरव्या कापडाचं कव्हर शिवलं. दसऱ्याला त्यावर झेंडूचं फूल. आणि मग एका रविवारी दुपारी, जेवणं झाल्यावर, जाहीर केलं, "फिजिओ, एक पोस्ट भरायची आहे. पाच उमेदवार आहेत. पॅनेलवर तू."

पोस्ट होती ती फुकटच्या डाउनलोडिंग सॉफ्टवेअरची. त्या काळी तशी बरीच होती. एकदा कॉम्प्युटरवर घातलं की जगभरातल्या अनोळखी लोकांच्या कॉम्प्युटरमधली गाणी तुमच्याकडे यायची आणि तुमची त्यांच्याकडे जायची. मधे दुकान नाही, कुणी मालक नाही. आमच्या हॉस्पिटलातली तरुण मंडळी सगळी त्याच्याच नादात होती, कारण त्यांना नवी गाणी फुकट हवी होती. डॉक्टरांना ती नको होती. "दुकानात मिळतं ते दुकानातून आणायचं," ते म्हणाले. "मला हवंय ते दुकानात कधी यायचंच नाही."

"म्हणजे काय?"

"एक कीर्तन."

मग त्या रविवारी, कन्झर्व्हेटरीत, मागच्या काचेच्या खोलीत, टोमॅटोच्या कुंड्यांमधे बसून, त्यांनी मला ते सांगितलं. माझ्याकडे न बघता, एका पानावरचे किडे पुसत.

ग्लासगोला त्यांचा एक मित्र होता, सर्जन. दोघं एकाच वर्षी भारतातून आले, सुरुवातीला एकाच खोलीत राहिले, एकाच थिएटरमध्ये काम केलं. "मी झोपवायचो, तो कापायचा." मित्राचे वडील गावाकडे कीर्तन करायचे, सगळे त्यांना बुवा म्हणत. बुवा गेल्यावर त्यांच्या शेवटच्या कीर्तनाची एक कॅसेट गावाहून मित्राकडे आली. वडिलांचा आवाज म्हणून त्याच्याजवळ तेवढाच. ती त्यानं डॉक्टरांना ऐकायला दिली, कारण डॉक्टर तोवर लेस्टरला आले होते आणि एकटे होते. डॉक्टरांनी ती गाडीत लावली, पुन्हा पुन्हा ऐकली. आणि मग एके दिवशी ती गाडी विकली. कॅसेट आतच राहिली.

"आणि तिची डबी?"

"डबी घरी होती. ती मी छान कागदात गुंडाळली, चिकटपट्टी लावली आणि त्याला पोस्टानं पाठवली. वर चिठ्ठी, 'जपून ठेवली होती, जपून परत करतोय.' उघडून बघितलं नाही गं."

"अहो, पण हलकी नाही लागली?"

"लागायला हवी होती. जन्मभर मिलिग्रॅम मोजले मी." त्यांनी दुसरं पान उलटवलं. "त्याचा फोन आला. म्हणाला, अरे, डबी रिकामी आहे. मला त्याच क्षणी कळलं कॅसेट कुठे गेली ते. आणि मी काय म्हणालो ठाऊक आहे? म्हणालो, मी तर आत घालून पाठवली होती, पोस्टात पडली असेल."

चिकटपट्टी जशीच्या तशी होती, हे त्या मित्राला दिसत होतंच. तो फक्त "बरं" म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला. त्या गोष्टीला बावीस वर्षं झाली होती. दोघांनी परत एकमेकांना फोन केला नव्हता.

माझं डोकंच फिरलं. "बावीस वर्षं? अहो, उचलायचा फोन आणि सांगून टाकायचं!"

"फोनवरच तर खोटं बोललो," डॉक्टर म्हणाले. "आता जायचं तर कॅसेट घेऊन जायचं. त्या रात्री गावात आणखी कुणीतरी टेप लावला असेल. गावची पोरं अमेरिकेत, कॅनडात गेलीत. कुणीतरी ते कॉम्प्युटरवर चढवलं असेल. कुठेतरी असेल, फिजिओ. रिकाम्या हातानं कसा जाऊ मी?"

झालं! मुलाखती सुरू झाल्या. प्रत्येक उमेदवाराला एक छापील फॉर्म. पूर्वेतिहास. ॲलर्जी, म्हणजे आपल्या कॉम्प्युटरवरच्या कशाशी भांडतो का. सोबत काय घेतो. आणि सर्वांत खाली, लाल रेघ मारून, 'शुद्धीवर येताना त्रास होतो का'. म्हणजे काय, तर ते सॉफ्टवेअर काढून टाकलं की कॉम्प्युटर होता तसा होतो का. "भूल कुणीही देईल गं," ते म्हणायचे. "परत उठवतो कोण, ते बघायचं." सॉफ्टवेअर चढताना पडद्यावर ती निळी पट्टी सरकायला लागली की ते सवयीनं उलटे आकडे मोजायचे, "दहा, नऊ, आठ…" आणि मी वैतागून म्हणायचे, "डॉक्टर, ते झोपत नाहीये!"

पहिला उमेदवार साधा, सरळ. पण आत गेलो तर गाव ओसाड. शोधा काहीही, उत्तर नाही. दुसरा दिसायला फार देखणा. तो चढवला आणि दुसऱ्या दिवशी पडद्यावर एक हवामानखातं, एक खरेदीची पट्टी आणि एक नाचणारा बाहुला असे तिघं येऊन बसले. डॉक्टर म्हणाले, "नोकरी एकाला दिली, हे तीन नातेवाईक कुठून आले?" त्यांना हाकलण्यात आमचे दोन रविवार गेले. पाचवा म्हणे मोठमोठ्या फाइली तुकड्या-तुकड्यांनी आणतो, पण काय आणायचं त्याची यादी दुसरीकडून मिळवा. "म्हणजे दुकान इथे, किल्ली तिथे," म्हणून तो बाद.

चौथा मला आवडला होता. पटकन चढला, माणसं अफाट. पण फॉर्म भरताना डॉक्टरांच्या लक्षात आलं की हा न विचारता आपलं संगीताचं अख्खं फोल्डर जगाला उघडं करून ठेवतो. ते ताडकन उभे राहिले. "घरात पाऊल ठेवलं आणि कपाट उघडलं! संस्कार नाहीत." फॉर्मवर मोठ्या अक्षरांत नापास.

निवड झाली तिसऱ्याची. कारण तिसऱ्याचा नियमच असा होता की तुम्ही काही द्याल त्या मानानं तुम्हाला मिळेल. नुसतं घेणाऱ्याला रांगेत शेवटी उभं करायचं. डॉक्टरांचा चेहरा उजळला. "डब्याची रीत आहे याला!" पण मग द्यायचं काय? त्यांच्याजवळ होत्या मंडळाच्या कार्यक्रमांच्या जुन्या कॅसेट. महिनाभर खपून त्यांनी त्या सगळ्या कॉम्प्युटरवर चढवल्या. आरत्या, मुलांची श्लोकपठणं, कुणाचं निरोपाचं भाषण. एकदा मी कामावरून आले तर हे मला दारातच धरून सांगतायत, "फिजिओ, नेलं! कुणीतरी आपल्या खजिनदारांचं भाषण नेलं!" चाळीस मिनिटांचं भाषण होतं ते, हॉलच्या हीटिंगबद्दल. कुणी का नेलं असेल देव जाणे. चुकूनच नेलं असणार. पण हे तीन दिवस खुशीत होते.

कीर्तन मात्र मिळेना. रोज संध्याकाळी सहाला ते हिरवं कव्हर काढायचे, घडी घालून खुर्चीच्या पाठीवर ठेवायचे आणि बुवांच्या गावाचं नाव टाकून शोधायचे. मग नुसतं कीर्तन म्हणून. मग मित्राचं आडनाव. तिसरा उमेदवार बिचारा सज्जन, पण त्याच्याकडे सगळी युरोपातली माणसं. तिथे साताऱ्या-सांगलीकडचं कोण असणार! ऑक्टोबर गेला, नोव्हेंबर गेला. डॉक्टर जेवताना बोलेनासे झाले. एकदा तर फोडणीचं तेल न मोजता ओतलं. तेव्हा मात्र माझ्या काळजात चर्र झालं.

डिसेंबरातल्या एका शनिवारी ते भाजी आणायला बेलग्रेव्ह रोडला गेले होते. मी हिरवं कव्हर काढलं आणि चौथा उमेदवार परत चढवला. हो, न विचारता! गावाचं नाव टाकलं. पाच मिनिटं पडद्यावर काहीबाही येत राहिलं, आणि मग एकच ओळ आली. गावाचं नाव, पुढे 'बुवा', त्रेचाळीस मिनिटं.

डॉक्टर पिशव्या घेऊन आत आले तेव्हा ती फाइल वीस टक्के उतरली होती. पडद्यावर चौथ्याला बघून त्यांनी आवाज चढवला, "कुणी घेतला याला परत?" मी उतरलं होतं तेवढं लावून दिलं. खरखर, टाळ, मग एक भरदार, किंचित घोगरा आवाज. दोन मिनिटांनी तो आवाज मधेच थांबला आणि रागावून म्हणाला, "अरे, त्या बत्तीत हवा मारा कुणीतरी, मला माझा हात दिसेना!" लोक हसले. कीर्तन पुढे सुरू झालं.

कोथिंबिरीची जुडी हातात तशीच धरून डॉक्टर खाली बसले. "हेच," ते म्हणाले. "ही बत्ती… हेच ते." माझे डोळे भरून आले, आणि मी काही लगेच रडणारी बाई नाही.

तेवढ्यात फाइल थांबली. एकतीस टक्क्यांवर. ज्याच्याकडून येत होती तो कॉम्प्युटर बंद झाला होता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परत आला, अर्धा तास, आणि गेला. त्या चौथ्यात समोरच्याला निरोप लिहिण्याची सोय होती. डॉक्टरांनी इंग्रजीत रीतसर पत्र लिहिलं. महोदय किंवा महोदया, मी लेस्टरचा एक निवृत्त भूलतज्ज्ञ, आपल्याकडील ध्वनिफीत मला अत्यंत निकडीची आहे, कृपया आपला कॉम्प्युटर सुरू ठेवावा. उत्तर आलं ते एवढंच, की तू कोण आहेस आणि माझ्या कॉम्प्युटरमध्ये कसा शिरलास. आणि ती व्यक्ती गायब. एक दिवस, दोन दिवस, चार दिवस. फाइल चोपन्नवर अडकलेली.

"घाबरवलंत तुम्ही!" मी ओरडले. "भूलतज्ज्ञ म्हणे! कुणीही घाबरेल!"

डॉक्टरांचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. ते चष्मा कपाळावर चढवून पडद्याच्या अगदी जवळ गेले होते आणि त्या व्यक्तीनं स्वतःला घेतलेलं नाव बघत होते. 'भिंगरी', पुढे काहीतरी आकडा. पाच दिवस ते नाव समोर होतं. आम्ही दोघं टक्केच बघत बसलो होतो.

"हे नाव मी ठेवलंय," ते म्हणाले.

मित्राची मुलगी दीड वर्षाची असताना घरभर गोल गोल फिरायची, चक्कर येऊन पडायची आणि परत उठून फिरायची. तिला भिंगरी म्हणायला डॉक्टरांनीच सुरुवात केली होती. म्हणजे कीर्तन ग्लासगोलाच होतं. मित्राच्याच घरात.

मला वाटलं, आता हे आनंदानं उडी मारतील. ते उलट खुर्चीत खचले. "त्याच्याजवळ आहेच की ते," म्हणाले. "मग मी काय घेऊन जाऊ?"

"काही घेऊन जाऊ नका! नुसते जा!"

"रिकामा?"

मी त्यांच्या जुन्या डायरीतून नंबर काढला आणि त्यांच्यासमोर लावला. घेईना कुणी, घेईना कुणी, आणि मग एका तरुण बाईचा आवाज. मी कोण, कुठून बोलतेय, ते निरोपाचं काय झालं, सगळं सांगितलं. ती आधी इंग्रजीतून, मग तिच्या तिकडच्या मराठीतून बोलायला लागली. "ओ माय गॉड. मला वाटला कोणतरी हॅकर आहे. मला माहितीच नव्हता की माझा फोल्डर सगळ्यांना दिसतो!" मग सांगितलं की बाबांना गेल्या वर्षी स्ट्रोक आला. उजवा हात गेला, बोलणं गेलं. कळतं सगळं. "स्पीच थेरपिस्ट म्हणाली, त्यांचा ओळखीचा आवाज ऐकवा. सो मी गावाला गेले, तिथे कझिनकडे आजोबांची दुसरी टेप होता. मी ते कॉम्प्युटरवर घातलं. बाबा रोज संध्याकाळी ऐकतो." आणि मग, "हे तेच डॉक्टर अंकल ना? एम्प्टी बॉक्सवाले?"

फोन स्पीकरवर होता. डॉक्टरांनी मान खाली घातली.

"या ना तुम्ही," ती म्हणाली. "पण बाबा बोलणार नाही हं. ही कान्ट."

शुक्रवारी डॉक्टरांनी खोबऱ्याच्या वड्या केल्या. दोनदा बिघडल्या, तिसऱ्यांदा जमल्या. शनिवारी पहाटे निघालो. मी बाजूला, डबा माझ्या मांडीवर, समोर ते चौकोनी भोक आणि त्यात बडीशेप. मोटरवेवर ट्रकसुद्धा आम्हाला मागे टाकून जात होते. सगळा रस्ता ते एकच वाक्य पुटपुटत होते आणि मला ऐकू येऊ नये म्हणून मधेच खोकत होते.

ग्लासगोच्या त्या फ्लॅटमध्ये मित्र खिडकीशी खुर्चीत बसलेले होते. उंच माणूस, दाढी नीट केलेली, उजवा हात उशीवर ठेवलेला. तो हात मी धंद्याच्या नजरेनं पाहिला आणि मला कळलं, तो आता परत यायचा नाही. सर्जनचा हात तो. शेजारच्या फळीवर, औषधांच्या बाटल्यांमागे, कॅसेटची एक जुनी प्लास्टिकची डबी होती. ती मला दिसली म्हणजे डॉक्टरांनाही दिसलीच.

डॉक्टर उभेच. मुलीनं त्यांच्या हातातला डबा घेतला आणि ती चहा करायला आत गेली. मग ते बोलले. इतक्या मैलांचा सराव, तरी वाक्याचे तुकडे झाले. "पोस्टात पडली नव्हती रे. गाडीत राहिली. मी खोटं बोललो."

मित्रांनी त्यांच्याकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं. मग तोंड खिडकीकडे वळवलं. बाहेर भुरभुर पाऊस होता. चहा आला, प्रत्येकाच्या बशीत शॉर्टब्रेडचं एक बिस्कीट. आम्ही तिघं हवापाण्याचं बोलत राहिलो. मुलीनं कॉम्प्युटरवर कीर्तन लावलं. बत्तीचं वाक्य आलं, गेलं, कुणी हसलं नाही. मित्र खिडकीबाहेरच बघत होते. मला डॉक्टरांकडे बघवत नव्हतं. मनात आलं, आपणच यांना ओढत आणलं. गप्प बसले असते तर निदान ती शोधाशोध तरी राहिली असती यांच्याजवळ.

तासाभरानं डॉक्टर उठले. "बराय, येतो," म्हणाले. मुलगी आतून डबा घेऊन आली. वड्या ताटलीत काढून, डबा स्वच्छ धुऊन, पुसून, तिनं हसत डॉक्टरांपुढे धरला. तिचा काय दोष, तिकडेच जन्मलेली पोर! पण त्या रिकाम्या डब्याकडे बघून डॉक्टरांचा हात पुढे होईना.

खुर्चीतून आवाज आला. "अं! अं!" मित्र डाव्या हातानं खुर्चीचा दांडा बडवत होते. मुलगी घाबरून वळली, "काय बाबा? पाणी?" त्यांनी जोरात मान हलवली आणि डाव्या हातानं तिच्या हातातला डबा ओढून मांडीवर घेतला. मग आपल्या बशीतलं शॉर्टब्रेड उचललं. तासभर तसंच होतं ते, चहात बुडवलेलंसुद्धा नव्हतं. ते त्यांनी डब्यात ठेवलं. झाकण वर ठेवलं, पण एका हातानं ते बसेना. डबा मांडीवरून घसरायला लागला. मी पुढे होणार होते. डॉक्टर माझ्या आधी त्यांच्यापुढे गुडघ्यांवर बसले आणि त्यांनी दोन्ही हातांनी खालून डबा धरला. मित्रांनी वरून तळहातानं दाबलं. झाकण बसलं.

मग डॉक्टरांनी डबा उजव्या तळहातावर घेतला आणि तसेच खाली बसून राहिले, हात थोडा वर, थोडा खाली करत. आत एक बिस्कीट.

"जड आहे रे," ते म्हणाले.